फोटोवरून हुबेहूब जमतं, पण समोर वस्तू ठेवली की सगळं वाकडं. ड्रॉइंगचं बेसिक नक्की कुठून धरायचं?

रेघोट्या

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी कॉलेजला आहे, चित्रकला हा माझा अभ्यासाचा विषय नाही पण नीट शिकायची खूप इच्छा आहे. आत्तापर्यंत जे काढलं ते सगळं फोटोवरून, म्हणजे फोटोवर ग्रीड टाकायची, कागदावर तशीच आखायची आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. असं केलं की चेहरे बऱ्यापैकी येतात, बघणारे वा वा पण करतात. मग वाटलं आता समोर काहीतरी ठेवून काढू, साधा पांढरा मग, कान असलेला, त्यात काय एवढं अवघड. तर तो मग वरून भांड्यासारखा आणि खालून डब्यासारखा दिसतोय. तोंड एवढं गोल आलंय की आतला तळ दिसायला हवा, खाली सपाट रेघ आणि कान उगाच बाजूला आणून चिकटवल्यासारखा. वर शेडिंग केलं तर अजूनच घाण.

व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. एक जण म्हणतो आधी पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं लांबचं कसं दिसतं ते, नुसते खोके काढत बसा. दुसरा म्हणतो जेस्चर, म्हणजे झरझर नुसती ढब पकडायची, तीस सेकंदात माणूस काढा. तिसरा पेन्सिलींची अख्खी पेटी दाखवतो. रोज अर्धा पाऊण तास देऊ शकते, त्यात काय करू? ग्रीड पूर्ण सोडू का? आणि पेन्सिली नक्की कोणत्या लागतात?

काळीकांडी

ग्रीडला शिव्या देणारे आता येतीलच, त्याआधी माझं ऐक. ग्रीड काही लबाडी नाहीये. इटलीतल्या अल्बर्टीने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिलं त्यात दोऱ्यांचे चौकोन विणलेला झिरझिरीत पडदा मध्ये धरून त्यातून बघून काढायची पद्धत दिलीय. व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगला असताना दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट मुद्दाम बनवून घेतली होती आणि ती घेऊन तो बाहेर चित्रं काढायला जायचा. फरक एवढाच की ही मंडळी चौकटीतून समोरचं खरं दृश्य बघत होती आणि तू जे बघतेस ते आधीच सपाट झालेलं आहे. कॅमेऱ्याने एका डोळ्याने, एका जागेवरून, ते सगळं कागदावर आणण्याचं काम करून ठेवलंय. तुला फक्त नकलायचं उरतं.

समोरच्या वस्तूला तसं होत नाही. दोन डोळे, मान हलते, आणि डोकं मध्ये लुडबुड करतं की अरे मगाचं तोंड गोल असतं, मला माहितीये. यावर थाउलेस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये प्रयोग केले होते, तिरकी ठेवलेली गोल चकती दाखवायची आणि कशी दिसते ते विचारायचं. लोक प्रत्यक्ष दिसणाऱ्या चपट्या आकारापेक्षा जास्त गोल आकार सांगायचे. तुझ्या मगाचं तोंड मोठं झालं ते अगदी याच्यामुळे. तळ सपाट झाला तो पण याच्यामुळेच, कारण मग टेबलावर सपाट बसतो हे डोक्याला माहिती असतं ना.

म्हणून पहिलं काम मोजणं. पेन्सिल हातात धर, हात पूर्ण ताठ, कोपर अजिबात वाकवायचं नाही, एक डोळा बंद. पेन्सिल काचेवर टेकवल्यासारखी उभी धरायची, वस्तूच्या दिशेने पुढे झुकू द्यायची नाही. आता टोकापासून अंगठ्यापर्यंत मगाच्या तोंडाची रुंदी पकड आणि तीच लांबी फिरवून उंचीवर लावून बघ, किती वेळा बसते. मग तोंडाचं वरचं टोक ते खालचं टोक एवढं माप घे आणि ते रुंदीत किती वेळा बसतं बघ. बहुतेक वेळा चार पाच वेळा बसतं आणि आपण काढलेलं असतं जेमतेम दोन वेळा बसेल एवढं. हे एकदा स्वतःच्या डोळ्याने बघितलं की दचकायला होतं.

कोपर वाकलं की माप बदलतं, हे नव्वद टक्के लोक विसरतात (नव्वद माझा अंदाज, भांडू नका).

थेट_शाईने

मोजमाप वगैरे ठीक आहे पण सुरुवातीलाच एवढं मोजायला लावलं तर पोरगी कंटाळून सोडून देईल. माझं मत, खोडरबर कपाटात ठेव आणि पेनने काढ. कागदाकडे न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवत न्यायची आणि त्याच वेगाने पेन. चित्र भयाण येतं, येऊ दे. त्यातून बघायची सवय लागते. पेन्सिल असली की माणूस एकच रेघ वीस वेळा गिरवतो, केसाळ होते ती.

काळीकांडी

हा ब्लाइंड कॉन्टूर, म्हणजे कागदाकडे न बघता कड काढणं, चांगलाच आहे, मी पण करतो हात सैल करायला. पण त्याने कडा कशी वळते ते कळतं, वस्तू किती रुंद आणि किती उंच ते नाही कळत. तिची अडचण दुसरी आहे. आणि खोडरबर कपाटात का, उलट सुरुवातीच्या रेघा इतक्या फिक्या हव्यात की खोडायची गरजच पडू नये. केसाळ रेघेबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

लोपबिंदू

मी पर्स्पेक्टिव्हवाल्या गटातला. कृपया ते टाळू नकोस, पण खोके काढत महिनाभर बसायची पण गरज नाही. तुझ्या मगापुरतं सांगतो, बाकीचं आपोआप येईल.

सगळ्यात आधी तुझ्या डोळ्याची पातळी कुठे आहे ते ठरव. म्हणजे तू ताठ बसून समोर बघितलंस तर नजर जिथे जाईल ती आडवी रेषा, तीच क्षितिजरेषा. बसलीस की खाली येते, उभी राहिलीस की वर जाते. आता मग हातात घे आणि तोंड बरोबर डोळ्यासमोर आण, तोंडाचा गोल दिसणारच नाही, एक सरळ रेघ दिसेल. हळूहळू खाली ने, गोल उघडत जातो. जितका डोळ्याच्या पातळीपासून लांब तितका जास्त उघडा. म्हणजे टेबलावरच्या मगाचा तळ तोंडापेक्षा डोळ्यापासून जास्त खाली आहे, तर तळाचा वळसा तोंडाच्या वळशापेक्षा जास्त गोलाकार आला पाहिजे. तू उलटं केलंस, वर गोल आणि खाली सपाट. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की नवख्याचं चित्र मी नुसता तळ बघून ओळखतो.

अजून दोन गोष्टी. मगाच्या मधून एक उभी रेषा काढ, हा त्याचा अक्ष. मग सरळ उभा असेल तर तोंडाच्या लंबवर्तुळाची लांब बाजू या अक्षाला काटकोनात हवी. मग आडवा पाडलास, तिरका ठेवलास, तरी तोच नियम, अक्ष फिरला की लांब बाजू पण फिरते. दुसरं म्हणजे लंबवर्तुळाला कोपरे नसतात. डाव्या उजव्या टोकाला ते टोकदार होऊ द्यायचं नाही, तिथे पण छोटासा वळसा असतोच. पूर्ण हात फिरवून, खांद्यातून, हवेत दोन तीन फेऱ्या मारायच्या आणि मग हळूच पेन्सिल टेकवायची. मनगटातून काढलंस की टोकं येणारच. तळाचा पलीकडचा अर्धा भाग दिसत नसला तरी फिक्या रेघेने काढायचा, मग काचेचा आहे असं समजून. नंतर पुसता येतो.

बाकी फ्रेंच चित्रकार सेझानने १९०४ मध्ये एमिल बर्नार या चित्रकाराला लिहिलेल्या पत्रात सिलिंडर, गोल आणि शंकू या तिघांचीच नावं आहेत, खोका त्यात नाहीच, तो नंतर लोकांनी आपल्या मनाने घुसवला. त्यामुळे मगापासून सुरुवात केलीस ते चांगलंच केलंस असं म्हणेन.

रेघोट्या

बाप रे, एवढं सविस्तर. खूप खूप आभार सगळ्यांचे. काळीकांडी दादा (की काका?) तुम्ही म्हणालात तसं मोजून बघितलं, तोंड खरंच पाच वेळा बसतंय आणि माझ्या चित्रात दोन वेळा पण बसत नाहीये 😂 आता आकार बराच मगासारखा आला. पण एक विचित्र गोष्ट होतेय, कागद खाली ठेवून बघितलं की बरोबर वाटतं आणि तोच कागद भिंतीला लावून लांबून बघितला की मग उंच ताणल्यासारखा दिसतो. हे काय आहे?

आणि शेडिंगचं पण सांगा ना कोणीतरी. मी बोटाने घासून घासून एकदम गुळगुळीत करते पण सगळं राखाडी राखाडी होतं.

काळीकांडी

काका चालेल.

कागद टेबलावर आडवा ठेवून काढतेस ना? तेच कारण. कागदाची वरची कड तुझ्या डोळ्यापासून लांब असते, त्यामुळे वरचा भाग तुला आखूड दिसतो, आणि तू नकळत तो लांबवून भरपाई करतेस. कागद उभा धरला की ती भरपाई उघडी पडते. एखादं पाट किंवा जाड पुठ्ठा घे, त्यावर कागद लाव, खालची कड मांडीवर आणि वरची कड टेबलाच्या काठाला टेकव. नजर कागदावर साधारण काटकोनात पडली पाहिजे. वस्तू आणि कागद दोन्ही मान न हलवता, फक्त डोळे फिरवून दिसतील असं बसायचं. आणि दर थोड्या वेळाने उठून चार पावलं मागे जाऊन बघ. आरशात उलटं बघितलं तर अजून चांगलं, लिओनार्दोने पण चित्रकारांना आरशात बघायचा सल्ला दिलाय. उलटं झालं की आपल्याला सवय झालेल्या चुका एकदम डोळ्यात खुपतात. मोबाईलवर फोटो काढून फ्लिप केलास तरी तेच काम होतं.

मिटलेले_डोळे

शेडिंगवर मी लिहिते, हा माझा आवडता विषय.

बोटाने घासणं आधी बंद. बोटाला तेल असतं, ते कागदावर लागतं, मग तिथे ग्रॅफाइट डाग धरतं आणि पुसायला गेलं तर जात नाही. पण खरी भानगड घासण्याची नाहीये. सगळं राखाडी होतं कारण तू प्रत्येक जागेकडे वेगवेगळं बघतेस आणि प्रत्येक जागेला आपापली छटा देत जातेस. डोळा छटा मोजत नाही, शेजारच्याशी तुलना करतो. अॅडेलसन नावाच्या शास्त्रज्ञाचं १९९५ चं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र शोधून बघ, त्यात सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन तंतोतंत एकाच छटेचे आहेत. कागदाचा तुकडा कापून ठेवून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही, मला तर बघून पण बसत नाही. तुझ्या पांढऱ्या मगाचं तसंच होतं. मग पांढरा आहे हे माहिती असल्याने त्याची सावलीची बाजू गडद करायला हात धजत नाही, आणि उजेडाच्या बाजूला पण थोडं थोडं घासून ठेवलेलं असतं. दोन्हीकडून मधे येऊन सगळं राखाडी.

तर असं कर. खोलीतले बाकीचे दिवे बंद, एकच दिवा, बाजूने आणि थोडा वरून. आता डोळे अर्धवट मिट, पापण्यांच्या फटीतून बघ. बारीकसारीक जाईल आणि दोनच भाग उरतील, उजेड आणि सावली. त्या दोघांमधली हद्द आधी रेघेने आख. सावलीच्या भागात एकसारखी मध्यम छटा भर, उजेडाचा भाग कोरा कागद. मगाने टेबलावर टाकलेली सावली पण त्याच वेळी भर, वेगळी समजू नकोस. एवढ्यावर थांब आणि लांबून बघ. मग गोल दिसायला लागलेला असेल. शंभरातले सत्तर मार्क इथेच मिळतात, बाकीचं सगळं नटवणं आहे.

त्यानंतर बारकाईने. हद्दीला लागून सावलीच्या आत एक पट्टा सगळ्यात गडद असतो. त्याच्या पलीकडे, मगाच्या मागच्या कडेला, टेबलावरून उडालेला उजेड पडतो आणि तिथे सावली किंचित उजळते. हा उडालेला उजेड सगळ्यांना फार आवडतो आणि सगळे तो नको तितका उजळ करतात. नियम लक्षात ठेव, सावलीतली सगळ्यात उजळ जागा सुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. टेबलावरची सावली मगाच्या तळाशी, जिथे मग टेकतो तिथे, सगळ्यात काळी आणि कडा धारदार, लांब जाईल तशी फिकी आणि कडा विरघळत जाणारी. तळाशी ती बारीक काळी फट काढली नाहीस तर मग हवेत तरंगतो.

छटांची पट्टी पण एकदा करून ठेव, कोऱ्या कागदापासून पेन्सिलीच्या सगळ्यात काळ्यापर्यंत पाच टप्पे. नऊ दहा टप्प्यांच्या पट्ट्या दाखवतात पण सुरुवातीला पाच नीट वेगळे आले तरी खूप झालं.

निळीवही

पेन्सिलीचं कोणी सांगितलंच नाही म्हणून. पेटी नको. एचबी, २बी आणि ६बी बस (बीचा आकडा वाढेल तशी मऊ आणि काळी, एचचा वाढेल तशी कडक आणि फिकी). ग्रॅफाइटमध्ये माती किती मिसळली यावर कडकपणा ठरतो, माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी. ही पद्धत १७९५ मध्ये फ्रान्समध्ये काँतेने काढली आणि आजच्या पेन्सिली मुळात तशाच आहेत. २एच ४एच वगैरे तुला आत्ता काही कामाच्या नाहीत, दाबून काढलं की कागदावर चर पडते आणि ती नंतर कशानेही जात नाही. ६बी ने दाबून काळं केलं की चकाकतं, त्यामुळे खरं काळं हवं असेल तर कोळशाची पेन्सिल वेगळी घे, पण ती एकाच चित्रात ग्रॅफाइटवर चढवू नकोस, नीट बसत नाही.

टोक शार्पनरने नाही, कटरने लांब सोल आणि आडवी धरून भर. कागद वहीचा गुळगुळीत असेल तर ग्रॅफाइट धरत नाही, थोडा खरखरीत, १२० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीवजनाचं माप) पुढचा बघ. मळून आकार देता येतो तो मऊ खोडरबर मिळाला तर जरूर घे, घासायचं नाही, टेकवून उचलायचा, छटा हलकी होते.

वेळकाढू

एवढे सगळे नियम वाचून मलाच टेन्शन आलं, आणि मी फक्त वाचायला आलो होतो. रेघोट्या, तू फोटोवरचे चेहरे सोडू नकोस हं, त्यातला आनंद वेगळा आहे.

काळीकांडी

हे बरोबर बोललास. नक्कल वाईट नाहीच. व्हॅन गॉग १८८० मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, चित्रकार व्हायचं ठरवून बसला तेव्हा त्याने चार्ल्स बार्गच्या ड्रॉइंग कोर्सच्या प्लेट्स, म्हणजे नकलायला दिलेली छापील चित्रं, पुन्हा पुन्हा नकलल्या होत्या. पण नक्कल करताना पण मोजून कर, ग्रीड न आखता. आधी सगळ्या आकाराचं बाहेरचं खोकं, सगळ्यात वरचा, खालचा, डावा, उजवा बिंदू, मग त्यांना जोडणाऱ्या तिरक्या सरळ रेघा, आणि सगळ्यात शेवटी वळणं. ग्रीड शेवटी टाकून तपासायला वापर, उत्तरं मागे बघतो तशी.

अर्ध्या पाऊण तासाचं विचारलं होतंस. माझ्या मते सुरुवातीची पाच मिनिटं नुसती लंबवर्तुळं आणि लांब रेघा, खांद्यातून. उरलेला सगळा वेळ एकच वस्तू, समोरची. शेडिंग रोज करायची गरज नाही, एक दिवसाआड केलंस तरी चालेल, पण मोजणं रोज. जेस्चर मात्र माणसं काढायला लागशील तेव्हा, मगाचं कसलं जेस्चर.

थेट_शाईने

मगाला पण जेस्चर असतं, पण जाऊ दे, तो वाद इथे नको.

रेघोट्या

😄 ठीक, पाट मिळालं, तिरकं लावलं, फरक लगेच कळतोय. डोळे मिटून बघायची युक्ती पण भारी आहे. आता एकच उरलंय, तो कान. आकार येतो पण मगाला चिकटत नाही, बाजूला उभा राहिल्यासारखा वाटतो. त्यात मग थोडा वळवून ठेवला की तर काहीच समजत नाही.

लोपबिंदू

कान मगाच्या बाहेरून सुरू करतेस म्हणून. मगाच्या अंगावर आधी एक उभी रेघ काढ, जिथे कान चिकटलाय तिथून, वरपासून खालपर्यंत. कानाची वरची आणि खालची जागा दोन्ही याच रेघेवर येतात. मग वळवलास की ही रेघ कडेवरून मध्ये सरकते, कान तिच्याबरोबर येतो. आता कल्पना कर की कान म्हणजे एक पातळ पत्रा आहे आणि तो या रेघेतून आत मगाच्या अक्षापर्यंत गेलाय. म्हणजे कान कुठल्या दिशेला बाहेर येतो ते शोधायचं असेल तर तोंडाच्या लंबवर्तुळात अक्षाच्या बिंदूपासून त्या रेघेच्या वरच्या टोकापर्यंत सरळ रेघ मार आणि ती तशीच बाहेर वाढव. कान त्या दिशेने जाणार. आधी एकाच रेघेचा कान काढ, तारेसारखा, आणि मग त्याला जाडी दे. जाडी समोरून आणि बाजूने वेगवेगळी दिसते ते मोजून घे.

मिटलेले_डोळे

आणि तपासायला कानाकडे बघूच नकोस, कान आणि मग यांच्या मधली जी रिकामी जागा आहे तिचा आकार बघ. तिला नाव नसतं त्यामुळे डोकं मध्ये बोलत नाही. ती जागा कागदावर आणि समोर सारखी आली की कान आपोआप बरोबर येतो. आला नाही तर फोटो टाक इथे, चित्राचा आणि मगाचा दोन्ही, पण फोन तू जिथून बघत होतीस तिथेच डोळ्याजवळ धरून काढ, फार जवळ नेलास तर मगच वाकडा दिसेल आणि आम्ही उगाच तुझ्या चुका काढत बसू.